लेखक म्हणायचं नाही

रिअ‍ॅलिटी शो संपल्यावर पडद्यावरून सर्रकन वर जाणारी नावं थांबवून वाचायची मला खोड आहे. सोबत बघणारे वैतागतात, पण माझा इलाज नाही. त्या यादीत कॅमेरामन असतात, साउंडवाले असतात, मेकअपवाले असतात, एडिटर तर रांगेनं असतात. 'लेखक' मात्र बहुतेक वेळा सापडत नाही. त्याच्या जागी स्टोरी प्रोड्यूसर, सेगमेंट प्रोड्यूसर, सुपरवायझिंग प्रोड्यूसर अशी भारदस्त पदं असतात. त्यातलं एखादं नाव उचलून त्या माणसानं आधी काय केलंय हे धुंडाळलं, की कधीकधी खाली एखादी जुनी सिटकॉम निघते, एखादा स्केच शो निघतो, नाहीतर रात्रीच्या टॉक शोसाठी रोजच्या रोज विनोद पाडायची नोकरी निघते. म्हणजे हा विनोदी लेखक. आता प्रोड्यूसर झालाय.

मी स्वतः काही काळ स्किटं लिहून पोट भरलंय, त्यामुळे अशा माणसाचं पुढे काय होतं याचं मला आतून कुतूहल आहे. बघणाऱ्यांचं मत ठरलेलं असतं: बिचारा संपला, पैशांसाठी गेला, काल संवाद लिहायचा आणि आज भांडणं लावतो. मला हे मत आळशी वाटतं. तो ओळी लिहायचा थांबला हे खरं, पण लिहायचा थांबला असं मला काही वाटत नाही.

स्किट लिहिणाऱ्याला विचारा, सगळ्यात कमी वेळ कशात जातो? तो सांगेल, पंचमध्ये, म्हणजे ज्यावर हशा पिकतो त्या शेवटच्या टोल्यात. पंच दोन मिनिटांत सुचतो, नाहीतर सुचतच नाही. रात्र जाते ती सेट-अपमध्ये. कोणाला काय माहीत आहे, कोणाला माहीत नाही, आणि ज्याला माहीत नाही तो दारातून नेमका कधी आत येणार. जावई कपाटात लपलाय हे प्रेक्षकांना ठाऊक हवं, सासऱ्यांना नको, आणि सासऱ्यांना नेमका त्याच कपाटातला कोट हवा असायला हवा. एवढं जुळलं की सासरे काय बोलतात याला फारसं महत्त्व उरत नाही. ते नुसते कपाटाकडे निघाले तरी लोक हसायला लागतात.

रिअ‍ॅलिटी शोचा प्रोड्यूसर दिवसभर हेच करत असतो, फक्त सासऱ्यांचे संवाद लिहीत नाही. कोणाच्या शेजारी कोणाचा पलंग, कोणती बातमी कोणाला आधी कळवायची, टास्क जेवणाआधी की जेवणानंतर, हा सगळा सेट-अपच आहे. स्पर्धकांची निवड म्हणजे पात्ररचना. एक नीटनेटका हवा, एक गबाळा हवा, एक सगळ्यांना सांभाळून घेणारी, एक खरं बोलून घोटाळा करणारा, ही चर्चा सिटकॉमच्या लेखकांच्या खोलीत चालते तशीच ऑडिशनची फुटेज बघतानाही चालते. इथे पात्र सुचवायचं नसतं, शोधून काढायचं असतं, एवढंच.

आणि मग एडिट. स्पर्धक एकटा खुर्चीत बसून मन मोकळं करतो, ते 'कन्फेशनल' आठवा. तो एकटा नसतो. कॅमेऱ्याच्या शेजारी एक प्रोड्यूसर बसलेला असतो आणि प्रश्न विचारत असतो. स्पर्धकाला आधीच सांगितलेलं असतं की उत्तरात प्रश्न गुंफून बोल. 'तुला राग आला का?' याला 'हो, खूप' हे उत्तर चालत नाही. 'तिनं माझं नाव घेतलं तेव्हा मला खूप राग आला' असं आख्खं वाक्य हवं, कारण विचारणाऱ्याचा आवाज कापला जाणार असतो. काही शोंमध्ये या मुलाखतींना दर वेळी तेच कपडे घालायला लावतात, म्हणजे तिसऱ्या आठवड्यातलं वाक्य पहिल्या आठवड्यातल्या भांडणावर बसवलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मग सगळं बोलणं शब्दशः उतरवलं जातं, स्टोरी प्रोड्यूसर त्यातून वाक्यं उचलून कागदावर भाग रचतो, आणि त्या कागदाबरहुकूम एडिटर फुटेज जोडायला बसतो. दोन वेगळ्या वाक्यांचे तुकडे जोडून तिसरंच वाक्य बनवलं, तर अमेरिकेतले या धंद्यातले लोक त्याला 'फ्रँकनबाइट' म्हणतात. कान दिला तर ते सापडतं. बोलणारा पडद्यावर दिसत नाही, नुसता आवाज येतो, चित्र भलत्याच कोणाच्या चेहऱ्यावर असतं, आणि वाक्याच्या मधेच सूर पायरी चुकल्यासारखा एकदम खाली येतो. हे एकदा कळलं की पुन्हा निर्धास्तपणे शो बघता येत नाही. मला तरी येत नाही.

हे कायद्यात बसतं का, असा प्रश्न पडेल. गंमत अशी की अमेरिकेत यावर अर्धा कायदा आहे. 1950 च्या दशकात 'ट्वेंटी-वन' नावाच्या प्रश्नमंजूषेत स्पर्धकांना उत्तरं आधी पुरवली जात होती. त्यातला लाडका विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन यानं 1959 मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीपुढे ते कबूल केलं, आणि पुढच्याच वर्षी ज्ञानाच्या किंवा नशिबाच्या स्पर्धेचा निकाल आधी ठरवून प्रेक्षकांना फसवणं हा गुन्हा ठरला. त्यामुळे तिथे कोण जिंकणार हे ठरवताना निर्माते सांभाळून असतात. कोण कोणावर केव्हा चिडलं, याचा क्रम बदलण्याबद्दल मात्र तो कायदा काही बोलत नाही.

तर एवढं सगळं करणाऱ्या माणसाला लेखक का म्हणायचं नाही? कारण साहित्यिक नाही, हिशेबी आहे. अमेरिकेत पटकथा लिहिणाऱ्यांची संघटना, रायटर्स गिल्ड, चांगली बळकट आहे. लेखक म्हटलं की किमान मानधन आलं, आरोग्यविमा आला, पेन्शन आली, पुन्हा दाखवल्याचे पैसे आले. प्रोड्यूसर म्हटलं की यातलं काहीच आपोआप येत नाही. 1988 मध्ये गिल्डचा संप पाच महिने चालला. लेखकांवाचून काय दाखवता येईल या विवंचनेतल्या फॉक्स वाहिनीला पोलिसांबरोबर कॅमेरा घेऊन फिरणारा 'कॉप्स' सोयीचा वाटला, आणि मार्च 1989 मध्ये तो सुरू झाला. 1992 मध्ये एमटीव्हीवर आलेल्या 'द रिअल वर्ल्ड'ची जन्मकथाही अशीच काटकसरीची. मेरी-एलिस बनिम सोप ऑपेरांच्या दुनियेतल्या, त्यांचे भागीदार जोनाथन मरे बातम्या आणि माहितीपटांकडचे. त्यांना तरुणांसाठी रीतसर लिहिलेली मालिका करायची होती. लेखक आणि नट परवडेनात. मग न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या घरात सात अनोळखी तरुणांना राहायला आणलं आणि कॅमेरे सुरू केले.

2006 च्या उन्हाळ्यात 'अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल'चे भाग रचणारे 12 जण संपावर गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही करतो ते लेखन आहे, आम्हाला गिल्डच्या करारात घ्या. शो काही थांबला नाही. त्यांच्यावाचूनच पुढचं काम झालं. त्यानंतर साधारण सव्वा वर्षानं, नोव्हेंबर 2007 ते फेब्रुवारी 2008, खुद्द गिल्डचा 100 दिवसांचा संप झाला आणि रिकामे पडलेले तास वाहिन्यांनी बऱ्याच अंशी रिअ‍ॅलिटी शोंनी भरून काढले. एखादा सिटकॉमवाला त्या दिवसांत घरभाड्यासाठी तिकडे वळला असेल, तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

पण पोटाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी विनोदी माणसालाच या कामाची ओढ का वाटते? याचं उत्तर शोधत मागे गेलं की वाट ॲलन फंटपाशी पोचते. जाहिराती आणि रेडिओतला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात, होता. सैनिकांच्या तक्रारी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायचं काम त्याच्याकडे होतं. अडचण अशी की रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की एरवी तोंडाला येईल ते बोलणारे गडी एकदम आखडायचे. फंटनं मायक्रोफोन लपवला. तेवढ्यावर त्याची उरलेली कारकीर्द उभी राहिली: 1947 मध्ये रेडिओवर 'कँडिड मायक्रोफोन', 1948 पासून टीव्हीवर तोच खेळ, पुढे 'कँडिड कॅमेरा' या नावानं जगप्रसिद्ध.

त्यातला मला सगळ्यात आवडतो तो गाडीचा प्रसंग. एक बाई उतारावरून गाडी घरंगळत आणत गॅरेजमध्ये येते आणि म्हणते, जरा बघता का, चालत नाहीये. मेकॅनिक बॉनेट उघडतो. आत इंजिनच नाही. आता तो काय करतो? तो बाईकडे बघतो, पुन्हा आत बघतो. वाकून गाडीखाली बघतो, इंजिन कुठे पडलंय का ते. मग, बाईंना वाईट वाटू नये अशा सुरात, ही बातमी कशी सांगावी याची जुळवाजुळव करतो. कितीही हुशार लेखक असो, ती जुळवाजुळव कागदावर लिहिता येणार नाही. फंटनं सेट-अप चोख बांधला आणि पंचची जागा कोरी सोडली. 1962 मधला लिफ्टचा प्रसंगही तसाच. लिफ्टमधली सगळी माणसं दाराकडे पाठ करून उभी राहतात आणि अनभिज्ञ मनुष्य हळूहळू, घड्याळ बघितल्यासारखं करत, स्वतःही वळतो. पुढे लेखक म्हणून गाजलेल्या वुडी ॲलन आणि फॅनी फ्लॅग यांनी उमेदवारीच्या काळात याच कार्यक्रमासाठी काम केलं, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. सेट-अप शिकायला याहून चांगली शाळा कुठली मिळणार?

या खेळाची दुसरी बाजूही फंटच्याच वाट्याला आली. 3 फेब्रुवारी 1969 रोजी तो कुटुंबासह नेवार्कहून मायामीला जाणाऱ्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानात होता. विमानाचं अपहरण झालं आणि ते क्युबाकडे वळलं. प्रवासी घाबरले, तेवढ्यात कोणीतरी फंटला ओळखलं. झालं! हा बसलाय म्हणजे हे सगळं नाटक आहे, कॅमेरा कुठेतरी लपवलाय, अशी सगळ्यांची खात्री पटली आणि विमानात हशा सुरू झाला. फंट जीव तोडून सांगत होता की हे खरं आहे. कोण ऐकतो? विमान हवानाला उतरेपर्यंत त्यांना पटलं नाही. आयुष्यभर इतरांसाठी सेट-अप रचणारा माणूस स्वतः खरं बोलतोय आणि ते पंच म्हणून घेतलं जातंय. हा प्रसंग मी स्किटमध्ये लिहिला असता, तर फार बेतलेला वाटतो म्हणून परत आला असता.

विनोदी लेखकानं रिअ‍ॅलिटीत पाऊल ठेवलं की एक सवलत हातची जाते, ती हीच. स्किटमधले सासरे कपाट उघडतात, फजिती होते, पडदा पडतो. सासरे घरी जात नाहीत, कारण ते नसतातच. मेकॅनिक घरी जातो. लिफ्टमधला मनुष्य घरी जातो. ज्याच्या जिवावर हसलो तो हाडामांसाचा निघतो, आणि त्याला आपण विचारलेलं नसतं.

2003 मध्ये ऱ्हेट रीझ आणि पॉल वर्निक या दोघा लेखकांनी 'द जो श्मो शो' काढला तेव्हा हे फार लवकर उघडं पडलं. बेत असा की एक खोटा रिअ‍ॅलिटी शो उभा करायचा, त्यात एकच खरा स्पर्धक, बाकी सगळे नट. नटांना दिलेली पात्रंही रिअ‍ॅलिटी शोच्या ठोकळ्यांतून उचललेली: एक कारस्थानी, एक कुमारिका, एक माजी सैनिक, एक भोंदू समुपदेशक. ही शेवटची भूमिका तेव्हा अनोळखी असलेल्या क्रिस्टन विगनं केली होती. थट्टा रिअ‍ॅलिटी शोची होती, पण ती सगळी एका माणसाच्या डोक्यावर उभी होती. तो माणूस निघाला मनापासून चांगला. एका 'स्पर्धका'ला बाहेर काढलं तेव्हा त्याला रडू आलं, आणि ज्याच्यासाठी तो रडत होता ती जिवाभावाची ओळख लेखकांनी रचलेली होती. इथून पुढे शो बघताना मन त्या माणसाकडे लागतं, विनोद मागे पडतो. रीझ आणि वर्निक पुढे सिनेमाकडे गेले, 'झॉम्बीलँड' आणि 'डेडपूल' लिहिले. मृत माणसं आणि सुपरहिरो. त्यांच्या जागी मी असते तर मलाही ते बरं वाटलं असतं, दोघांपैकी कोणाचंच मन सांभाळावं लागत नाही.

विनोदी कलाकार नेथन फील्डर याच वाटेनं उलट्या टोकाला गेला. 'नेथन फॉर यू'मध्ये तो छोट्या व्यावसायिकांना अचाट सल्ले द्यायचा. त्यात बहुतेक वेळा हास्यास्पद ठरायचा तो स्वतः, निदान त्याचा तसा प्रयत्न असायचा. 2022 च्या 'द रिहर्सल'मध्ये त्यानं लोकांना अवघड प्रसंगांची तालीम करून द्यायचं ठरवलं. त्यासाठी खरा बार जसाच्या तसा सेटवर उभारला, ओळखीच्या माणसांची कामं करायला नट ठेवले. पहिल्या सीझनच्या शेवटी मात्र एक लहानगा बालकलाकार, जो तालमीत त्याचा मुलगा झाला होता, काम संपल्यावरही त्याला बाबा म्हणायचं सोडेना. फील्डरनं ते कापलं नाही. उलट आपलं काय चुकलं हे समजायला त्यानं पुन्हा तालमीच लावल्या, आणि त्यातल्या एका तालमीत तो त्या मुलाच्या आईच्या भूमिकेत शिरला. बघताना मला खूप अवघडल्यासारखं झालं. हा प्रामाणिकपणा आहे की तोच सेट-अप आणखी एक मजला वर नेलाय, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पण मुलाला काही त्या भागात मत नव्हतं, एवढं मी नक्की म्हणेन.

म्हणून 2023 चं 'ज्युरी ड्यूटी' मला महत्त्वाचं वाटतं. ते रचलं ली आयझेनबर्ग आणि जीन स्टुपनिट्स्की यांनी, दोघेही 'द ऑफिस' या विनोदी मालिकेच्या अमेरिकी आवृत्तीचे लेखक. यात आणखी एक मजा आहे. 'द ऑफिस'मध्ये पात्रं कॅमेऱ्याकडे वळून मनातलं बोलतात, ती तऱ्हा मुळात माहितीपट आणि रिअ‍ॅलिटीतून उसनी घेतलेली. उसनं घेतलेलं हे दोघं परत करायला आले. या वेळी कोर्ट खोटं, खटला खोटा, न्यायाधीश, वकील, ज्युरी (खटल्याचा निकाल द्यायला बोलावलेले सामान्य नागरिक) सगळे नट. नट जेम्स मार्सडेन स्वतःच्याच नावानं, पण स्वतःच्या अत्यंत आगाऊ अवतारात. खरा एकटा रोनाल्ड ग्लॅडन, ज्याला वाटत होतं की आपण ज्युरीच्या कामावरच्या माहितीपटात आहोत.

आधीच्यांनी जिथे ठेच खाल्ली तिथे यांनी रचनाच बदलली. रोनाल्डला मूर्ख बनवण्यासाठी एकही प्रसंग बेतलेला नाही. विचित्र वागायचं ते बाकीच्यांनी. त्याच्यासमोर फक्त वाटा ठेवायच्या, आणि तो बरी वाट निवडतो का ते बघायचं. टॉड नावाचं एक पात्र स्वतःच्या विक्षिप्त शोधांमुळे सगळ्यांना नकोसं होतं. खुर्चीच जडवलेली पँट घालून तो कोर्टात येतो, म्हणजे कुठेही बसता यावं. लेखकांनी एवढं केलं आणि थांबले. रोनाल्डनं काय करावं? त्यानं टॉडला एका मुंगीची गोष्ट सांगणारा पिक्सारचा ॲनिमेशनपट बघायला लावला. त्यातला नायकही असलाच धडपड्या शोधक, ज्याला सगळे हसतात. त्याला टॉडला एवढंच सांगायचं होतं की तू ठीक आहेस. हे कोणाच्याही कागदावर नव्हतं. गॅरेजमधल्या मेकॅनिकसारखीच कोरी जागा, पण इथे ती भरल्यावर हसू येतं ते वेगळ्या जातीचं.

त्या वर्षी एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्कारासाठी 'ज्युरी ड्यूटी'ला नामांकन मिळालं ते उत्कृष्ट विनोदी मालिका म्हणून, आणि त्याच्या एका भागाला विनोदी लेखनाचंही मिळालं. ज्या मालिकेच्या नायकाला संहिता असल्याचाच पत्ता नव्हता, तिच्या लेखनाला! 17 वर्षांपूर्वी संपावर गेलेल्या त्या 12 जणांपैकी कोणी ही बातमी वाचली असेल तर काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. अर्थात दोन्ही कामं सारखी नाहीत. इथे नटांचे प्रसंग रीतसर लिहिलेले होते. पण रोनाल्ड काय करेल याचे अंदाज बांधून पर्यायी वाटा तयार ठेवणं आणि टॉप मॉडेलच्या फुटेजमधून भाग रचणं, या दोन कामांतली भिंत मला तरी फार जाड वाटत नाही.

ते नामांकन मेकी लीपरच्या नावावर होतं. लीपर त्या मालिकेचा लेखक तर होताच, शिवाय ज्युरीतल्या नोआचं कामही त्यानंच केलं. म्हणजे रोनाल्ड जेव्हा काही बोलायचा, तेव्हा लेखक कुठल्या तरी बंद खोलीत मॉनिटरसमोर नव्हता. तो त्याच बाकांवर होता, त्याच्याबरोबर दिवस काढत होता, आणि आपण रचलेलं खोटं मॉनिटरआड न लपता त्या माणसाच्या चेहऱ्यावर बघत होता.

मला कोणी असलं काम देऊ केलं तर मी जाईन का, असं एका जुन्या स्किटवाल्या मैत्रिणीनं मध्ये विचारलं. जाईन. एडिटच्या खोलीत बसून वाक्यं सांधायला नको, ज्युरीच्या बाकावर त्या माणसाशेजारी जागा हवी. आणि करारावर पद लिहिताना 'लेखक' असंच लिहायचं. बाकी पैशांचं बोलता येईल.